डावीकडचं टोपलं

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एका निवृत्त पोलिसाचं मनगट मोडलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कट्कन आवाज आला. मला त्या माणसाचं तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यावरून कोणाला मी दुष्ट वाटत असेन तर खुशाल वाटू दे. पण आमच्या गल्लीतले लोक ती गोष्ट मनगटापर्यंत रंगवून सांगतात, पोट धरून हसतात आणि तिथेच संपवतात. त्यानंतर तासाभरात अंगणात काय झालं, ते कोणी सांगत नाही. मी तिथे जाऊबाईंपासून हातभर अंतरावर उभी होते. मला ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आम्ही एकाच घरात राहतो. त्या खाली, आम्ही वर, मधे चौदा पायऱ्या. थोरले भाऊजी जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून त्या एकट्याच. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात, पण जाऊबाईंपुढे मी म्हणजे गाय. लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना नळावर एका माणसाच्या मुस्कटात मारताना पाहिलं. त्याने रांग मोडली होती. मारून झाल्यावर त्यांनी आपली बादली भरली आणि मला म्हणाल्या, "चल गं, उभी काय राहिलीस?"

त्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या कारखान्यात, कोंबडीची पिल्लं निवडायच्या. सव्वीस वर्षं. अंड्यांसाठी पाळतात त्या जातीचा नर कोणाला नको असतो. तो अंडं देत नाही आणि अंगावर मांसही धरत नाही. म्हणून पिल्लू बाहेर पडलं की त्याच दिवशी नर की मादी ते बघायचं. जाऊबाई उजव्या हाताने ट्रेमधून पिल्लू उचलायच्या, डाव्या मुठीत धरायच्या, पोट दाबून घाण डब्यात पाडायच्या आणि शेपटीखाली अंगठ्याने उघडून दिव्याखाली बघायच्या. आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसला तर नर. मादी उजवीकडच्या टोपल्यात. नर डावीकडच्या. डावा हात टाकेपर्यंत उजव्या हाताने पुढचं उचललेलं असायचं. तीन सेकंदांत एक.

डावीकडचं टोपलं भरलं की ते पट्ट्यावर ओतायचे. पट्टा भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत जायचा आणि तिथे यंत्र होतं. यंत्रात पाती. मी एकदाच गेले होते, त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला. सगळा पट्टा पिवळाधमक, चिवचिवाट असा की कानात बोटं घालावीत, आणि भिंतीशी पोचला की तो चिवचिवाट तुटायचा. मागून नवा येत होता, म्हणून थांबत मात्र नव्हता. पलीकडे पिंपात काय पडत होतं ते मी सांगत नाही. मी पुढचे कित्येक दिवस अंड्याला हात लावला नाही.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" मी घरी आल्यावर विचारलं.

"तीन सेकंदांत बघू की वाईट वाटून घेऊ?" त्या म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. भरपेट जेवल्या.

एकदा त्यांच्या शेजारी काम करणाऱ्या मुलीची बाही पट्ट्यात अडकली. हात कोपरापर्यंत ओढला गेला. मुकादमाने पट्टा बंद करायच्या आधी वर बघितलं, साहेबाची परवानगी घ्यावी की काय म्हणून. जाऊबाईंनी स्वतः उडी मारून बटण दाबलं. मुलीची तीन बोटं गेली. मग लोखंडी ट्रे उचलून त्यांनी मुकादमाच्या डोक्यात घातला, एकदा नाही, दोनदा. त्याला टाके पडले. जाऊबाईंना काढून टाकायची हिंमत कोणाची झाली नाही, कारण असा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. शंभरात एकही चूक नाही.

आता कोंबड्यांकडे येते. शहरात राहत्या घरी कोंबड्या पाळायला बंदी होती. ती उठवावी म्हणून आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी अर्ज केला. अर्ज लिहिला मी, हेलपाटे घातले समोरच्या इस्त्रीवालीने, आणि वर्षभर झुलवून नगरपालिकेने सुनावणी ठेवली. विरोधात एकच माणूस, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे शिट्टीवाले. ते वाहतूक पोलीस, आयुष्यभर चौकात रहदारी अडवत होते. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून काढली नाही. पोरं गल्लीत चेंडू खेळली की ती वाजायची, कोणी कपडे झटकले की वाजायची. घाण होईल, उंदीर येतील, असं सगळं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "आणि यातली निम्मी पिल्लं कोंबडे निघाली तर? पहाटे चारला आरवायला लागले तर? हमी कोण देणार?"

 सुनावणी घेणारा साहेब कागदावरून वर बघायला लागला. तेव्हा जाऊबाई उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात त्यांनी पुढे धरले. अंगठे वाकडे झालेले, नखं मुळापर्यंत कापलेली.

"मी देते हमी. पिल्लं मी निवडून आणीन. एक कोंबडा निघाला तर सगळ्यांची परवानगी काढून घ्या."

साहेबाने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. घरामागे सहा कोंबड्या, खुराडं कुंपणापासून दहा फूट लांब, कोंबडा एकही नाही. एका वर्षाची परवानगी. गल्लीत एक जरी कोंबडा सापडला तर अकराही घरांचे पक्षी गाडीत घालून नेणार आणि मारणार. खाली अकरा सह्या. म्हणजे त्यांच्या एका शब्दावर आख्ख्या गल्लीने सही केली.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता, त्या दिवशी त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून सहासष्ट पिल्लं घेऊन आल्या. घरोघर वाटली. दोन अडीच महिने गेले आणि त्यांच्याच खुराड्यातल्या एका पिल्लाचा तुरा लालभडक व्हायला लागला. बाकी पासष्ट कोंबड्या. हा एक.

गल्लीला हसायला तेवढंच हवं होतं. "बाई, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं!" कोपऱ्यावरचा खाटीक तर रोज म्हणायचा, "सव्वीस वर्षांत एक चूक, तीही घरच्या घरी!" मला वाटलं आता कोणाचं तरी डोकं फुटणार. पण जाऊबाई मान खाली घालून म्हणायच्या, "झालं खरं. डोळे गेले माझे." नळावर मुस्कटात मारणारी बाई ऐकून घेत होती. मला ते काही पटेना.

त्या कोंबड्याला जाऊबाई 'डाव्या' म्हणायच्या. मी विचारलं, हे कसलं नाव? म्हणाल्या, "असंच."

"डाव्याला कुठेतरी देऊन टाका," मी दहा वेळा सांगितलं. त्यांचं आज करू, उद्या करू. तेवढ्यात पक्ष्यांच्या रोगाची साथ आली आणि हुकूम निघाला, कोंबडी गल्लीबाहेर न्यायची नाही, आत आणायची नाही. खाटीक म्हणाला, "मी कापून देतो." जाऊबाईंनी त्याच्याच दुकानातला सुरा उचलून त्याच्या पोटाला लावला. हसत लावला, पण तो काही हसला नाही. शिट्टीवाले डाव्याचा तुरा लाल व्हायच्या आधीच सहा-सात महिन्यांसाठी लेकीकडे गेले होते. गल्लीने ठरवलं, साथ संपेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. अंडी सगळ्यांनाच हवी होती.

आणि तो डाव्या म्हणजे शुद्ध राक्षस. जाऊबाईंसारखाच. नऊ महिन्यांचा होईपर्यंत त्याच्या पायाला मागून काट्यासारखी अशी नांगी फुटली की काय सांगू. एक घूस त्याने खुराड्यात धरली आणि फाडून तिची आतडी जाळीला लटकवून ठेवली. माझ्या घोट्याला चार टाके पडले ते त्याच्यामुळेच. मी केरसुणी घेऊन त्याच्या मागे धावले तर तो वळून माझ्याच मागे लागला, मी चौदा पायऱ्या दोन ढांगांत चढले. जाऊबाईंच्या हातांवर तर कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे. त्या त्याच्या टाळक्यात टप्पल मारायच्या, "मेल्या, खातोस का मला?" आणि परत मांडीवर घ्यायच्या. पहाटे त्याला एका बुटक्या खोक्यात कोंडायच्या. मान ताठ करता आली नाही की कोंबड्याला आरवता येत नाही. वरून दोन गोधड्या. आठ वाजले की खोकं उघडायचं.

शिट्टीवाले लेकीकडून परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून दाढी करत बसले होते. त्यांना आमच्या भिंतीपलीकडचं काही दिसलं असेल नसेल, त्यांनी सवयीने शिट्टी फुंकली. डाव्याने भिंतीवर उडी घेतली, पलीकडे उतरला आणि त्यांच्या उघड्या पोटरीत नांगी खुपसली.

मी वरच्या खिडकीतून पाहिलं. माणूस अर्ध्या दाढीच्या फेसात उभा, पोटरीतून रक्ताची धार, आणि पक्षी परत परत अंगावर येतोय. त्यांनी वस्तरा फेकला आणि बागेतली लोखंडी सळई उपटली. एक फटका डाव्याच्या डोळ्यावर बसला. डाव्या उडून आमच्याकडे आला आणि सळईवाला दारातून मागोमाग. कोंबडा पळून कुठे शिरला ते त्यांना दिसलं नाही. दिसलं ते खुराडं. दार उचकटून त्यांनी आतच सळई फिरवायला सुरुवात केली. कोंबड्यांनी काय केलं होतं हो त्यांचं? पहिली तर बसल्या जागीच चेचली गेली, तिच्या पोटातलं कवच न धरलेलं अंडं बाहेर आलं. दुसरीचं डोकं. तिसरी पंख तुटून गोल गोल फिरत होती, तिला त्यांनी बुटाखाली घेतलं. रक्त, पिसं, दाढीचा फेस, आणि गळ्यात ती शिट्टी हलतेय.

मी जिना उतरेपर्यंत जाऊबाई पोचल्या होत्या. खुराड्याचं दार लावायचा लाकडी आडणा त्यांच्या हातात होता. त्या ओरडल्या नाहीत, शिवी दिली नाही. सळई चौथ्यांदा वर गेली तसा त्यांनी नेम धरून मनगटावर आडणा हाणला. तोच तो आवाज. सळई खाली पडली. शिट्टीवाले गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे "आई गं" म्हणाले. जाऊबाईंनी दुसऱ्यांदा आडणा उचलला, या वेळी डोक्यावर. मी मागून कमरेला मिठी मारून त्यांना ओढलं, नाहीतर आज मी त्यांना तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीतून बघत असते.

कोणीतरी फोन केला होता. नगरपालिकेचा साहेब आला, तोच सुनावणीचा, मागे जाळीची गाडी. शिट्टीवाल्यांना त्यांच्या पुतण्याने दवाखान्यात नेलं. जाताना ते केस करतो म्हणून ओरडत होते, पण सळई घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर कसली केस, ते त्यांना स्वतःलाच माहीत होतं. साहेबाने मेलेल्या तीन कोंबड्या बघितल्या. मग पाण्याच्या टाकीमागे बघितलं. तिथे डाव्या उभा होता, एक डोळा मिटलेला, तुऱ्यातून रक्त गळतंय, आणि साहेबाकडे बघून मान फुगवतोय.

साहेब टाकीपासून मागे फिरला. भला माणूस होता. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "मी कोपऱ्यावर चहा घेतो. एक तास घेतो. परत आल्यावर या गल्लीत कोंबडा दिसला तर बासष्टच्या बासष्ट कोंबड्या गाडीत जातील आणि तोही जाईल. नाही दिसला, तर मी तो कधी पाहिलाच नाही."

"लांब सोडून येऊ का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"साथीचा हुकूम आहे. एक पीससुद्धा गल्लीबाहेर जाणार नाही. गाडी मी गल्लीच्या तोंडावरच उभी करतोय."

तो गेला आणि सगळी गल्ली आमच्या कुंपणाशी जमली. हसणारे कोणी नव्हते. इस्त्रीवाली एक कोंबडी काखेत घेऊन आली होती, ती हमसून हमसून रडत होती. "बाई, माझ्या सहाजणी आहेत हो. नावं ठेवलीत पोरींनी. तुमच्या शब्दावर घेतल्या मी." खाटीक सुरा घेऊन आला, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता. जाऊबाई दगडासारख्या उभ्या. मी त्यांना हाताला धरून आत स्वयंपाकघरात नेलं.

"हे बघा, चूक झाली तर झाली," मी म्हटलं. "माणसाची एकदा नजर चुकते. पण आता..."

"चूक नव्हती ती."

"काय?"

"शेवटचा ट्रे होता. उंचवटा दिसला मला. लख्ख दिसला. हात डावीकडे जायला हवा होता, मी जाऊ दिला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जाणूनबुजून? अकरा घरांच्या सह्या तुमच्या शब्दावर, आणि तुम्ही जाणूनबुजून? त्या इस्त्रीवालीने वर्षभर चपला झिजवल्या! मी अर्ज लिहिला! आणि वर डोळे गेले म्हणून सांगत होतात?"

"हो."

"का पण?"

त्यांनी नळ सोडला आणि हात धुवायला लागल्या. "लाखांनी टाकले गं मी. मोठा झाला की कसा दिसतो, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. म्हटलं एक न्यावा. बघावा तरी."

मला अजून खूप बोलायचं होतं. शिव्या तर जिभेवर होत्या. पण त्यांनी नळ बंद केला. त्यांनी पदराला हात पुसले नाहीत, तसेच ओले हात घेऊन त्या बाहेर गेल्या.

"द्या, मी करतो," खाटीक म्हणाला. "एका घावात. त्याला कळणारही नाही."

"नको. बाकीच्यांना मीच पाठवलं."

खुराड्यापुढे त्यांचं बुटकं स्टूल असतं, त्यावर त्या बसल्या. "डाव्या," त्यांनी हाक मारली. तो टाकीमागून आला. त्याच्याजवळ जायची कोणाची छाती नव्हती, आणि तो आपण होऊन आला, एका डोळ्याने तिरपं बघत. त्यांनी उजव्या हाताने त्याला उचललं आणि डाव्या काखेत धरलं. मग मान पकडली आणि पिळली.

जमलं नाही. हातांना फक्त टाकायची सवय, जीव घ्यायची नव्हती. त्याने अंग असं ताठ केलं की स्टूल डुगडुगलं, आणि नांगी त्यांच्या हातात खुपसून मनगटापासून कोपरापर्यंत ओढत नेली. कातडं उसवल्यासारखं उघडलं. त्यांच्या मांडीवर रक्त सांडायला लागलं, त्यांचं आणि त्याचं. कुंपणाशी कोणीतरी किंचाळलं. "जोरात! खाली ओढा बाई, खाली!" खाटीक ओरडत होता. दुसऱ्यांदाही नाही. त्याचा तो एक डोळा उघडा होता आणि त्यांच्याकडेच बघत होता. मी डोळे मिटून घेतले, पण आवाज कसा मिटणार? तिसऱ्या वेळी त्या स्वतः मोठ्याने ओरडल्या आणि ओढलं. कट्कन.

पंख कितीतरी वेळ फडफडत राहिले. त्या चेहऱ्यावर तडाखे खात होत्या आणि सोडत नव्हत्या. हळूहळू सगळं थांबलं. गल्लीत एवढी माणसं, पण इस्त्रीवालीच्या काखेतल्या कोंबडीचा तेवढा कुरकुर आवाज येत होता.

परवानगी राहिली, हे सांगून टाकते. साहेब तासाने आला, गाडीतून उतरलाही नाही. यंदा तिसरं वर्ष आहे आणि आता शहरभर लोकांच्या दारी कोंबड्या दिसतात. लोक जाऊबाईंनाच बोलावतात पिल्लं बघायला. त्या जात नाहीत.

पण मला दिसतं ते त्या अंगणातलं. तो निपचित झाल्यावर जाऊबाई समोर बघत बसल्या होत्या. मग त्याला धरलेला त्यांचा डावा हात आपोआप बाजूला गेला आणि मूठ उघडली. डावीकडे टोपलं नव्हतं. डाव्या फरशीवर पडला, धप्प. त्यांनी तिकडे बघितलंही नाही, कारण तोवर त्यांचा उजवा हात पुढे गेला होता, पुढचं उचलायला. तो हवेत चाचपडत राहिला. एकदा, दोनदा, तीनदा. मी पुढे होऊन तो हात धरला, आणि त्यांनी तो माझ्याकडून सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, कामात अडथळा आणल्यासारखा.